गावाकडून दारूमुक्तीच्या मीटिंगला कसं जायचं? सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांसाठी

सांगोला, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट अशा भागातल्या माणसाला दारू सोडायची असली की पहिला प्रश्न हाच पडतो की जायचं कुठं. ॲडमिट व्हायचं तर रोजगार बुडतो, आणि झालं ॲडमिट तरी घरी आल्यावर तोच पार, तेच दोस्त. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग याच नंतरच्या दिवसांसाठी लय कामाची आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच हे सुरू केलं, त्यातला एक तर डॉक्टर होता, आणि भारतात १९५७ पासून चालू आहे. फी नाही, दारू थांबवायची इच्छा एवढीच अट.

पण मीटिंगच्या आधी एक काम. रोज सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, नाही घेतली तर हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेततं. आधी डॉक्टर. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेजला जोडलेलं, तिथं मानसोपचार विभागात दाखवा, आणि किती पिता ते खरं सांगा, कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो.

आता मीटिंग शोधायची. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, टोल-फ्री, त्यांना तुमचा तालुका सांगा आणि जवळ काय सोय आहे ते विचारा. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर पण गावानुसार फोन नंबर मिळतात, मुंबईत त्यांचं मुख्य ऑफिस आहे. फोन उचलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्यामुळं लाजायचं कारण नाही. वार, वेळ, नेमकी खोली कुठली, मीटिंग मराठीत असते का, आणि ओपन आहे का क्लोज हे विचारून घ्या. ओपनला घरची माणसं चालतात, क्लोजला फक्त ज्याला स्वतःला सोडायचीय तो. जायच्या दिवशी सकाळी परत एक फोन करा. जागा बदलते, सणासुदीला मीटिंग रद्द होते, आणि पन्नास किलोमीटर जाऊन कुलूप दिसलं तर माणूस परत फिरकत नाही.

गावाकडं खरी अडचण परतीची. संध्याकाळची मीटिंग सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते आणि वडाप अंधार पडला की मिळत नाही, मग माणूस स्टँडवर अडकतो आणि स्टँडच्या आजूबाजूला काय असतं हे सांगायला नको. म्हणून दिवसाची मीटिंग मिळते का बघा, नाहीतर त्या रात्री पाहुण्यांकडं मुक्काम ठरवूनच निघा. ओळखीचं कुणी भेटंल याची भीती असेल तर सरळ शेजारच्या तालुक्यात जा. माझं मत विचाराल तर बाजाराच्या दिवसाला जोडून घ्या, तसंही तालुक्याला जाणं होतंच. ऊसतोडीच्या किंवा कामाच्या दिवसांत जमणारच नसेल तर मोबाईलवर ऑनलाइन मीटिंग असतात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं.

आत गेल्यावर काय होतं? खुर्च्या मांडलेल्या असतात, एकजण सुरुवात करतो, मग एकेक जण उठून फक्त पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि स्वतःचं सांगतो, साधारण तास-दीड तास. मधी कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज ऐकतो" म्हणा, झालं. शेवटी पैशाची पिशवी फिरते, ज्याला जमंल तो टाकतो, नवीन माणसानं नाही टाकलं तरी चालतं. प्रार्थना होते, पण देव कुठला मानायचा हे तुमच्यावर. पंढरपूरची माळ घातली असेल तर लय चांगलं, माळ सांभाळायला मीटिंगची मदतच होईल. निघताना दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि तलफ आली की प्यायच्या आधी फोन करा, प्यायल्यावर नाही. एका मीटिंगवरून मत बनवू नका, चार-सहा तरी करा.

घरातल्या बायामाणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत, नवरा किंवा पोरगा यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि वहिनी, मावशी, हात जोडून सांगतो, "न सांगता दारू सोडवा" असल्या जाहिराती बघून चहात-भाजीत पावडर मिसळू नका. त्यात काय आहे ते कळत नाही, आणि काही औषधांवर दारू पोटात गेली की बीपी एकदम पडतं, माणूस दगावू शकतो.

जवळ ग्रुपच नसेल तर? दारू सोडायची म्हणून दोघं-तिघं एकत्र बसले तरी एएच्या हिशोबानं तो ग्रुप होतो. शाळेची खोली किंवा समाजमंदिर मागून घ्या, एक वार आणि वेळ पक्की करा, मुंबईच्या ऑफिसला फोन करून मराठी पुस्तकं मागवा. पहिल्या दोन-तीन मीटिंगला शहरातल्या ग्रुपमधला एखादा जुना माणूस बोलवून घ्या, मीटिंग कशी चालवायची ते त्याला पाठ असतं.