कॉमिक कॉनमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करताना

भारतात २०११ साली दिल्लीत सुरू झालेले कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचे संमेलन, आता मुंबईतही भरते. तेथे शनिवार-रविवार मदतीला जाणार असाल, तर आदल्या दिवशी सभागृहाचा नकाशा नीट पाहून ठेवावा, कारण स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार कक्ष कोठे आहे, हे दिवसभर विचारले जाते. पायांत जुने, सवयीचे बूट असावेत.

माझ्या मते सर्वांत मोलाची मदत चित्रकारांच्या टेबलांपाशी होते. स्वतःची कॉमिक्स आणि प्रिंट विकणारा चित्रकार बहुधा एकटाच असतो आणि त्याला जेवायलाही उठता येत नाही. अशा वेळी किमती विचारून घेऊन पंधरा मिनिटे त्याची जागा सांभाळावी. गर्दीत मोबाईलचे नेटवर्क मंदावून यूपीआय अडकते, म्हणून सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

कॉस्प्ले करणाऱ्यांसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून येणाऱ्यांसाठी, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि फोमचे चिलखत जोडणारा गोंद पिशवीत ठेवावा. त्यांच्या पोशाखाला हात लावण्यापूर्वी किंवा छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि इतर कोणी ती घेत नसेल, तर नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. स्वाक्षरीची रांग बंद करायची झाल्यास शेवटच्या माणसापाशी स्वतः उभे राहून मागून येणाऱ्यांना तसे स्पष्ट सांगावे.