पुंगळीवरची काजळी: या चुका टाळा

रायफलची काडतुसं स्वतः पुन्हा भरत असाल, तर नेमबाजीच्या रेंजवरून आल्या आल्या रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) टम्बलरमध्ये, म्हणजे त्या घासून साफ करणाऱ्या यंत्रात, ओतू नका. नवशिके नेमकं हेच करतात आणि मग चकचकीत पितळ पुढे करून काजळीचं कारण विचारतात. मी पुंगळ्या झाडल्या त्याच क्रमाने ट्रेमध्ये उभ्या ठेवतो, उजेडात भिंगाखाली बघतो, वहीत लिहितो आणि मगच साफ करतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे काजळी दिसली की दाब जास्त झाला असं धरून चालणं. बहुतेक वेळा उलट असतं. बार उडाला की पुंगळीची मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब कमी पडला की ती नीट चिकटत नाही, धूर खांद्यावरून (मानेखालचा उतार) खाली उतरतो. मानेवरची हलकी काजळी नेहमीचीच, तिची चिंता नको. खांद्याखाली पट्टे उतरले की थांबा.

एका मित्राने असे पट्टे पाहून काडतुसातली दारू (बारूद) कमी केली. पट्टे वाढले, त्याने आणखी कमी केली. डबा घेऊन माझ्याकडे आला तेव्हा काजळी निम्म्या अंगापर्यंत पोचली होती आणि एका पुंगळीच्या खांद्याला अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा पडला होता. पुंगळी आणि चेंबर यांच्यामध्ये शिरलेल्या वायूचं ते काम. वही उघडली तर भार, म्हणजे दारूचं वजन, काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्याच्याही खाली! मला घाम फुटला. मोठ्या पुंगळीत सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तर दाब एकदम बेफाम चढू शकतो. गोळी नळीत अडकली आणि ते लक्षात आलं नाही, तर पुढचा बार जिवावर बेततो. उरलेली सगळी काडतुसं आम्ही त्याच दिवशी उघडली. मॅन्युअलच्या भारावर परतल्यावर काजळी मानेपाशी थांबली.

तरी चार पुंगळ्या काळ्याच निघाल्या. त्या सर्वांत जास्त वेळा भरलेल्या होत्या. हे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. दर बाराला आणि सायझिंगला (पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना) मान कडक होत जाते, मग फुगायला कुरकुरते. अशा वेळी मानेचं अॅनिलिंग करावं, म्हणजे ती तापवून मऊ करावी. बुडाला आच कधीही लागू देऊ नका, तिथलं पितळ कडकच हवं.

‘काजळी जाईपर्यंत दारू वाढव’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्वच्छ पुंगळीसाठी कमाल भार ओलांडायचा नसतो.

प्रायमरभोवती (दारू पेटवणारी बुडातली टोपी) काळं कडं दिसलं तर वेगळा विचार करा. नवा प्रायमर बसवताना हाताला सैल लागला तर ती पुंगळी बाद. कडं प्रत्येक पुंगळीवर असेल, प्रायमर चपटे झाले असतील आणि रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड उघडत असेल, तर तो भार तिथेच बंद करा. उरलेली काडतुसं झाडून संपवायची नाहीत.

मानेला उभी चीर आणि तिच्याजवळ धूर: बाद.

वेगवेगळ्या लॉटच्या पुंगळ्या मिसळून निष्कर्ष काढू नका.

बुडाच्या जरा वर चमकदार कडं दिसलं तर ती काजळी नव्हे, पण दुर्लक्ष नको. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून वर-खाली फिरवा. खाच लागली, तर मी पुंगळी पक्कडीने चेपूनच टाकतो, म्हणजे पुन्हा ट्रेमध्ये येत नाही.