वाचनालयात संगणक आणण्याआधी दुसऱ्या वर्षाचा हिशेब मांडा

वाचनालयाला संगणक मिळणे आता फारसे अवघड नाही. बँकेची शाखा जुनी यंत्रे काढते तेव्हा दोन देऊन जाते, गावातून शहरात गेलेला कोणी एखादे नवे देतो. अवघड जाते ते पुढे दीड-दोन वर्षांनी. यूपीएसची बॅटरी बसते, इंटरनेटचे बिल थकते आणि पडद्यावर घातलेले कापड उतरेनासे होते. वस्तू देणारे पुष्कळ भेटतात. महिन्याचे बिल भरणारा मिळत नाही. म्हणून आधी चालू खर्च काढायचा, तो कोण भरणार ते ठरवायचे आणि खरेदीला सर्वांत शेवटी हात घालायचा.

चालू खर्च कागदावर मांडा

समजा दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक फायबर जोडणी आहे. छोट्या आकाराचा संगणक पडद्यासह साधारण ५० वॉट घेतो. रोज ६ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर एकाचे ८ युनिट, दोघांचे १६. राउटर चोवीस तास चालू राहतो, त्याचे ७. प्रिंटर धरून महिन्याला २५ युनिटच्या आसपास. सोपा हिशेब म्हणून १० रुपये युनिट धरा, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये. महिना ५०० रुपयांची इंटरनेट योजना १८ टक्के जीएसटीसह ५९० ला पडते, वर्षाचे ७,०८०. कागद आणि शाई ३,०००. दुरुस्ती आणि बॅटरी यांसाठी दरवर्षी ३,००० बाजूला. एकूण १६,०८०.

आता हा आकडा अनुदानाशेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने परिरक्षण अनुदानात, म्हणजे शासनमान्य वाचनालय चालवण्यासाठी दरवर्षी मिळणाऱ्या अनुदानात, ६० टक्के वाढ केली. त्या दराने ‘इतर ड’ वर्गाला (जिल्हा-तालुका दर्जा नसलेल्या वाचनालयांतला सर्वांत खालचा) वर्षाला ४८,००० रुपये आणि ‘इतर क’ वर्गाला १,५३,६०० रुपये. (नंतरचा शासन निर्णय आला असेल तर त्यातला आकडा घ्या, रीत तीच.) अनुदानाचा निम्मा भाग वेतनाचा आणि निम्मा वेतनेतर. म्हणजे ‘ड’ वर्गाच्या हाती वेतनेतर २४,००० उरतात. त्यातून १६,०८० गेले की ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, भाडे आणि हिशेब तपासणी ७,९२० रुपयांत भागवावी लागेल. ते भागत नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने अनुदानाच्या भरवशावर दोन संगणक चालवायला घेऊ नयेत. एक चालवावा, किंवा इंटरनेटचे बिल दुसऱ्या कोणाकडून लेखी कबूल करून घ्यावे. ‘क’ वर्गाच्या हाती ७६,८०० येतात, तिथे हा खर्च बसतो.

वीजबिलावर ग्राहक वर्ग कोणता छापला आहे, तेही बघून घ्या. महावितरणच्या दररचनेत वाचनालये सार्वजनिक सेवेच्या गटात येतात, पण जागा पूर्वी दुकानाची असेल तर बिल व्यापारी दरानेच चालू राहते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदणी प्रमाणपत्र आणि शासनमान्यतेचे पत्र जोडून वर्गबदलाचा अर्ज द्यावा. या एका अर्जाने जितके वाचते तितके एखाद्या सभासद मोहिमेतूनही येत नाही.

पैसा कुठून

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाची रीत घातली, ग्रंथालय कर मात्र लावला नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर आहे. गोव्याच्या १९९३ च्या कायद्यात तो विदेशी बनावटीची दारू आणि बिअर यांवर बसवला. पिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांची सोय केली, असे गमतीने म्हणता येईल. आपल्याकडे असा हक्काचा झरा नसल्यामुळे चार ठिकाणचे थेंब गोळा करावे लागतात.

पहिला अर्थात परिरक्षण अनुदानाचा. ते हप्त्यांत येते आणि शेवटचा हप्ता अनेकदा आर्थिक वर्ष संपता संपता पडतो. नेमकी चूक इथेच होते. पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर येतात, घाईत संगणक घेतला जातो, बिलावर तारीख एप्रिलची पडते आणि तो खर्च त्या वर्षात धरला जात नाही. दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि कार्यकारी मंडळाचा ठराव जानेवारीतच तयार ठेवा. हप्ता आला की फक्त खरेदी आदेश द्यायचा उरेल.

दुसरा थेंब राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा. १९७२ मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची ही संस्था केंद्रीय संस्कृती मंत्रालयाखाली येते. समान निधी (यात राज्य सरकारही आपला वाटा घालते) आणि असमान निधी अशा दोन तऱ्हेच्या योजना असतात. असमान निधीत ग्रंथ, साधनसामग्री, फर्निचर, इमारत, बाल विभाग यांना साहाय्य मिळते. संस्थेला ५०, ६०, ७५, १०० अशी महोत्सवी वर्षे होत असतील तर त्यासाठी वेगळी योजना आहे. राज्याचे ग्रंथालय संचालनालय दरवर्षी सूचना काढून प्रस्ताव मागवते आणि प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फतच जातो. थेट कोलकात्याला पाठवलेला अर्ज वाया जातो. असमान निधीतही संस्थेला काही वाटा स्वतः घालावा लागतो. तो बँकेत दिसत नसेल तर प्रस्ताव तिथेच अडतो.

तिसरा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सगळे ज्याला सीएसआर म्हणतात तो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. अनुसूची ७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालये उभारणे हे काम शब्दशः नमूद आहे आणि अर्जात तो उल्लेख जरूर करावा. मात्र संस्थेकडे सीएसआर-१ अर्जावरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. त्याआधी १२-ए आणि ८०-जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या चालू असाव्या लागतात. कंपनीकडे मागताना ‘५ संगणक’ असे मागू नका. ‘२ संगणक आणि ३ वर्षांचा चालवण्याचा खर्च’ असे मागा. वरच्या हिशेबाने तीन वर्षांचे ४८,२४० होतात. नुसते संगणक देऊन फोटो काढायला कंपन्यांना आवडते हे खरे, पण आकडे मांडून मागितले की चालू खर्चही मिळतो.

चौथा थेंब लोकांचा, सभासद वर्गणी आणि देणग्यांचा. वर्षाचे इंटरनेट एका देणगीदाराच्या नावे करणे ही सर्वांत सोपी युक्ती. दारावर ‘या वर्षीचे इंटरनेट यांच्याकडून’ अशी पाटी लागते आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणी पुढे येतो. दोन हजारांवरची रोख देणगी घेऊ नका. देणगीदाराला तिच्यावर कर सवलत मिळत नाही आणि मग तक्रार तुमच्याकडे येते.

दप्तर

प्रस्ताव नाकारला जाण्याचे कारण बहुतेक वेळा संगणकाशी संबंधित नसतेच. कार्यकारी मंडळ बदलले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला नाही, किंवा दिला आणि मंजूर झाला नाही. मग सही करणारे अध्यक्ष आणि धर्मादाय नोंदवहीतले अध्यक्ष वेगळे निघतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा असतो. ही एक गोष्ट सांभाळली तरी निम्म्या अडचणी टळतात.

संगणक आला की जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, अनुक्रमांक, यंत्रावरचा निर्माता क्रमांक, बिल क्रमांक आणि कोणत्या निधीतून घेतला ते लिहा. देणगीत आलेल्या यंत्राचीही नोंद हवी, किंमत शून्य दाखवली तरी चालेल. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. तसा प्रसंग पुन्हा आला की आधी नोंदवही आणि वस्तू यांचा मेळ पाहिला जाणार. बंद पडलेले यंत्र भंगारात देण्यापूर्वी निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव करायला विसरू नका.

यंत्रे आणि वीज

देणगीत जुना संगणक येणार असेल तर आधी आत काय आहे ते विचारा. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. अशी यंत्रे टाकून देऊ नका. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी घालून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवा. ब्राउझर, मराठी टंकलेखन, छपाई, फॉर्म भरणे हे सगळे चालते. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र मुले कंटाळून उठून जातात.

आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज ३ च्या आत असावे. जुन्या वाड्यांतल्या आणि चावडीच्या वास्तूंतल्या वाचनालयांत ते पुष्कळदा जास्त निघते आणि मग यूपीएस निकामी झाला की दोष कंपनीला जातो. एका संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नये. त्यातला तापणारा भाग क्षणभर इतकी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो आणि चालू संगणकही बंद पडतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते आणि वर बाजूला काढलेले ३,००० त्यासाठीच आहेत.

लोक वापरायला आले की

आधी मुले येतात ती स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरायला. पाठोपाठ महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे विद्यार्थी आणि सातबारा काढायला आलेले शेतकरी. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. छपाईचे पैसे वेगळे घ्या आणि दर भिंतीवर लिहा. ग्रंथपालाने दुसऱ्याचा ओटीपी टंकू नये आणि पासवर्ड विचारू नये. मदत शेजारी उभे राहून करावी. हा नियम मोडला की वर्षभरात वाचनालयाचे बेकायदा सेवा केंद्र होते आणि एखाद्याच्या खात्यातून पैसे गेले तर संशय ग्रंथपालावर येतो.

सर्वांत मोठा धोका ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरमध्ये साठतो. महिन्याभरात तिथे शंभर जणांची आधार कार्डे, जातीचे दाखले, गुणपत्रिका गोळा होतात. मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये पाहुणा सत्राला परवानगी देता येते. वापरणारा उठून बाहेर पडला की त्याच्या फायली आणि पासवर्ड आपोआप पुसले जातात. विंडोज असेल तर निदान ब्राउझर पाहुण्याच्या रूपात उघडायची सवय लावा आणि डाउनलोड रोज संध्याकाळी रिकामे करा.

नोंदवहीत नाव, वेळ आणि यंत्र क्रमांक पुरतो. ओळखपत्र पाहावे, पण त्याची झेरॉक्स ठेवू नये. सायबर कॅफेसाठी २०११ चे नियम आहेत. त्यात नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या आणि बसण्याच्या कप्प्यांमधल्या आडभिंतींची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको असे आहे. वाचनालय व्यवसाय म्हणून इंटरनेट देत नसले तरी हे दोन्ही नियम पाळणे शहाणपणाचे. संगणकांचे पडदे दाराच्या दिशेने ठेवले की निम्मा पहारा फुकटात होतो.

मोबाइलवाल्यांसाठी वायफाय द्यायचे असेल तर आपल्या राउटरचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका. आठवड्यात तो शेजारच्या चहाच्या टपरीवर पोचतो. पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत वाचनालयाला सार्वजनिक डेटा केंद्र होता येते, परवाना किंवा शुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख आणि ओटीपी हे काम ॲप पुरवणारी कंपनी आणि अशी अनेक केंद्रे जोडणारी समूहक कंपनी सांभाळतात. छोटी कुपने विकून बिलाचा काही भाग निघतो.

पुस्तकांची यादी संगणकावर

हे काम सगळ्यांना सोपे वाटते आणि सर्वांत जास्त तिथेच फसतात. त्यासाठीची सॉफ्टवेअर म्हणून एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे ई-ग्रंथालय किंवा खुल्या स्रोताचे कोहा, दोन्ही चालतात. कोहाला लिनक्स जाणणारा माणूस हाताशी हवा. तो नसेल तर कोहाच्या वाटेला जाऊ नका. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक नसतो, त्यामुळे माहिती आपोआप भरली जात नाही, दाखल नोंदवहीवरून (आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमाने लिहितात ती) हातानेच टंकावी लागते. दिवसाला ५० नोंदी धरल्या तर १०,००० ग्रंथांना २०० दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकू, असे कोणी म्हणाले तर त्याला हा भागाकार दाखवा.

कोणी पूर्वी यादी टंकून ठेवली असेल तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी. ती पडद्यावर मराठी दिसते, पण शोध घेतला की काहीच सापडत नाही. कारण आत मराठी नसून इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा. ‘र्‍या’ आणि ‘ऱ्या’ दिसायला सारखे, पण आतले संकेत वेगळे. ते सरमिसळ राहिले तर तेच पुस्तक एका शोधात सापडते आणि दुसऱ्यात हरवते. लेखकाचे नाव आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांपुढे टिंब की मोकळी जागा, हे पहिल्या दिवशी ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद पडद्याला चिकटवा. नोंदींची प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या कपाटात न ठेवता सचिवांच्या घरी ठेवा.