सोळा अंकांची ओळख : संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझी पहिली नोकरी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. काम तसं सरळ होतं. संस्थेतल्या लोकांचे शोधनिबंध गोळा करायचे, रेपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात, चढवायचे आणि प्रत्येक निबंध ज्याचा त्याच्या नावावर लावायचा. पहिली दोन कामं आठवड्याभरात हाताला बसली. तिसऱ्यात मी तीन महिने अडकले. एकच आडनाव आणि एकच आद्याक्षर असलेले तिघे आमच्याच यादीत होते, त्यातले दोघे एकाच विभागात. उलट एक प्राध्यापिका चार जणी होऊन बसल्या होत्या: लग्नाआधीचं आडनाव, लग्नानंतरचं, दोन्ही जोडून लिहिलेलं, आणि चौथं एका जर्नलने नाव-आडनाव उलटं छापल्यामुळे तयार झालेलं. चिनी संशोधकांच्या बाबतीत तर मूळ लिपीत वेगवेगळी असलेली नावं रोमन लिपीत आली की एकसारखीच दिसतात. माणूस ओळखायला नाव पुरत नाही, हे मला त्या तीन महिन्यांत नीट कळलं.

म्हणून संशोधन सुरू करणारं कुणी भेटलं की मी आधी विचारते, ऑर्किड काढलंस का? ऑर्किड म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा त्याचा स्वतःचा सोळा अंकी ओळख क्रमांक. "पहिला पेपर आला की काढते," असं उत्तर हमखास येतं. तसं करू नका. पेपर सबमिट करतानाच क्रमांक जोडला, तर तो निबंधाच्या नोंदीत कायमचा जातो. नंतर जोडायचं म्हणजे एकेक निबंध शोधून आपल्या खात्यात ओढत बसायचं.

असे क्रमांक आधीही होते. थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये रिसर्चर-आयडी आणला. एल्सव्हियर या प्रकाशकाच्या स्कोपस या निबंधसूचीत लेखकांना आपोआप क्रमांक मिळत, लेखकाला त्याचा पत्ताही नसे. अडचण अशी की प्रत्येक क्रमांक त्या त्या कंपनीच्या डेटाबेसपुरता होता. २००९ च्या अखेरीस प्रकाशक, विद्यापीठं आणि इतर संस्था एकत्र बसल्या, २०१० मध्ये ना-नफा संस्था उभी राहिली आणि १६ ऑक्टोबर २०१२ ला ऑर्किडची नोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली. संशोधकाला एक पैसाही पडत नाही, खर्च सदस्य-संस्थांच्या वर्गणीतून निघतो. प्रणालीचा कोड खुला आहे. लोकांनी सार्वजनिक ठेवलेली माहिती दरवर्षी एका फाईलमध्ये, कुणीही उतरवून कशासाठीही वापरावी अशा मोकळ्या परवान्याखाली दिली जाते. माझ्या मते 'खुलं' या शब्दाचा खरा अर्थ या फाईलमध्ये आहे. उद्या संस्था राहिली नाही, तरी ही माहिती कुणा एकाच्या कुलपात अडकणार नाही.

आता क्रमांकाकडे जवळून बघू. ००००-०००२-१८२५-००९७ हा घ्या. ऑर्किड नमुना म्हणून हाच दाखवतं. तो जोसाया कारबेरी यांचा आहे. हे ब्राउन विद्यापीठातले १९२९ पासूनचे काल्पनिक प्राध्यापक. क्रमांकात देश, विषय, वय काहीच लपलेलं नाही, त्यामुळे देश किंवा विषय बदलला तरी तो बदलावा लागत नाही. शेवटचा अंक मात्र हिशेबाने येतो. शून्यापासून सुरुवात करा, डावीकडून पहिल्या पंधरांतला एकेक अंक मिळवा आणि दर वेळी बेरजेची दुप्पट करा. सुरुवातीची शून्यं सोडली तर ४, १०, ३६, ७६, १६२, ३२४, ६४८, १३१४ असं होत जातं. १३१४ ला ११ ने भागलं की बाकी ५, आणि १२ मधून ५ गेले की ७. तोच शेवटचा अंक. उत्तर १० आलं तर तिथे एक्स लिहितात. टाइप करताना १८२५ चं १८५२ झालं तर हिशेब ३ वर जातो आणि चूक तिथेच पकडली जाते.

मी या हिशेबावर फार विसंबले. सगळ्यांचे क्रमांक पटापट भरायचे म्हणून मी स्वतःच नावं शोधून तक्ता तयार केला. तपासणीचे अंक सगळे बरोबर निघाले, तक्ता चढवला. काही दिवसांनी एका संशोधकाचा फोन आला: त्यांच्या पानावर भलत्याच विषयातले निबंध दिसत होते. क्रमांक बिनचूक होता, पण दुसऱ्याच नामसाधर्म्याच्या माणसाचा होता. ज्या घोळातून सुटायला ही प्रणाली निघाली, तोच मी तिच्यात भरला होता. मी तो तक्ता पूर्ण काढून टाकला आणि प्रत्येकाला लॉगिनची लिंक पाठवली. लोकांनी स्वतः ऑर्किडमध्ये शिरून परवानगी दिली की क्रमांक आपोआप आमच्याकडे येई. वेळ चौपट लागला, पण तशी चूक पुन्हा झाली नाही.

तुम्हीही हेच पाळा. जर्नलच्या किंवा अनुदानाच्या फॉर्मवर क्रमांक हाताने टाइप करू नका, जोडणीचं बटण असेल तर तेच वापरा. गाईडने किंवा सहलेखकाने तुमच्या वतीने खातं काढायला घेतलं तर नम्रपणे थांबवा, ते ज्याचं त्यानेच काढायचं असतं. जानेवारी २०१६ मध्ये प्लॉस, ईलाइफ, रॉयल सोसायटी, आयट्रिपलई अशा प्रकाशकांनी क्रमांक सक्तीचा करत असल्याचं एकत्रितपणे जाहीर केलं. त्यामुळे आज ना उद्या तो मागितला जाणारच. प्रकाशक निबंधांची नोंद जिथे करतात त्या क्रॉसरेफ संस्थेला एकदा परवानगी दिलीत, की तुमचा क्रमांक जोडलेले पुढचे निबंध डीओआयसकट, म्हणजे निबंधाच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकासकट, आपोआप खात्यात येतात.

खातं उघडून नीट पाहा: प्रत्येक नोंदीखाली तिचा स्रोत लिहिलेला असतो. पदवी तुम्ही स्वतः भरली तर तिथे तुमचं नाव दिसतं, विद्यापीठाने भरली तर विद्यापीठाचं. क्रमांक तर काल्पनिक प्राध्यापकालाही मिळालेला आहे, त्यामुळे नुसता क्रमांक काही सिद्ध करत नाही. नोंद तपासणारा स्रोताकडे बघतो. तुमच्या संस्थेकडे सोय असेल तर नेमणुकीची नोंद तिलाच करायला सांगा. प्रत्येक नोंद सगळ्यांना दिसावी, फक्त विश्वासातल्या संस्थांना दिसावी की तुमच्यापुरतीच राहावी, हे तुम्हीच ठरवायचं. निदान नाव आणि सध्याची संस्था सगळ्यांना दिसू द्या. रिकामं पान पाहून तुम्ही कोण ते आमच्यासारख्यांनाही ओळखता येत नाही.

आणि पहिल्याच दिवशी दुसरा, स्वतःचा ईमेल जोडून ठेवा. पदवी संपली की संस्थेचा ईमेल बंद होतो, पासवर्ड विसरलेला असतो, आणि लोक घाईत नवं खातं काढतात. असं आधीच झालं असेल तर दोन्हींतलं जुनं, जास्त निबंधांना जोडलेलं खातं ठेवा, त्यात लॉगिन करा आणि सेटिंग्जमधून दुसरं काढून टाका. काढलेला क्रमांक ठेवलेल्या क्रमांकाकडे वळवला जातो. पण काढलेल्या खात्यात भरलेले निबंध सोबत येत नाहीत, तेव्हा त्यांची यादी आधी उतरवून घ्या.