फोरके डिस्कची पारख करताना या चुका टाळा

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा १९९८ चा युद्धपट पहिल्यांदा डिस्कवरून पाहणाऱ्याला आपला टीव्ही बिघडला असावा अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण त्यातील रंग उतरलेले, चित्र भरड आणि हालचाल तुटक दिसते. वस्तुतः छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी भिंगांवरील लेप काढून टाकून, शटरचा कोन अरुंद ठेवून आणि रसायनशाळेतील प्रक्रियेने रंग फिके करून हे रूप मुद्दाम घडवले होते. याच चित्रपटाच्या २०१० च्या ब्लू-रे डिस्कमध्ये मात्र ओठांची हालचाल आणि संवाद यांचा मेळ चुकला होता आणि सदोष प्रती परत मागवाव्या लागल्या. पहिली गोष्ट चित्रपटाचा स्वभाव आहे, दुसरी डिस्कचा दोष. या दोहोंची गल्लत ही सर्वांत मोठी चूक होय.

या गल्लतीचा सर्वाधिक फटका 'ग्रेन'ला बसतो. फिल्मच्या रासायनिक थरातूनच उमटणारा हा बारीक रवाळपणा म्हणजे कचरा नव्हे. चेहऱ्यावरील रंध्रे, कापडाचा पोत, केसांची टोके हा सारा तपशील त्या कणांनीच बनलेला असतो. 'प्रिडेटर'च्या २०१० च्या ब्लू-रे आवृत्तीत हे कण इतके पुसले गेले, की अर्नॉल्ड श्वार्झनेगर यांचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसू लागला. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज' यांच्या फोरके (साध्या ब्लू-रेच्या चौपट बिंदूंच्या) डिस्क आल्या, तेव्हा न्यूझीलंडमधील पार्क रोड पोस्ट या स्टुडिओने संगणकीय शिकवणीच्या (मशीन लर्निंगच्या) तंत्राने केलेल्या सफाईवरून असाच वाद पेटला. दिग्दर्शकाची संमती असली तरी 'ट्रू लाइज'मधील त्वचा मला कृत्रिम वाटते. एखादी डिस्क 'स्वच्छ' आहे अशी स्तुती करण्यापूर्वी चित्र थांबवून कपाळावरच्या सुरकुत्या शाबूत आहेत का, एवढे पाहावे.

निकाल देण्याआधी टीव्हीची झडती घेणे आवश्यक आहे. दुकानातील झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्हीला दिलेला 'व्हिव्हिड' मोड घरी पांढऱ्या रंगात निळसर झाक आणतो, तर शार्पनेस वाढवल्यास कडांभोवती पांढऱ्या रेषा उमटतात आणि लोक त्या डिस्कच्या माथी मारतात. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतील 'मोशन स्मूदिंग' ही सोय सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात मधल्या चौकटी स्वतः रचून घालते, त्यामुळे कोट्यवधींचा चित्रपटही दूरदर्शन मालिकेसारखा भासतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ यांनी खास चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती. 'फिल्ममेकर' मोड असल्यास तो निवडावा, नसल्यास 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'.

वेष्टनावरील 'फोरके' या शब्दाला भुलू नये. अनेक मोठ्या चित्रपटांचे अंतिम संपादन टूकेमध्येच (फोरकेच्या साधारण पाव बिंदूंत) झालेले असून डिस्कसाठी ते वाढवलेले असते. अशा वेळी खरा लाभ बव्हंशी एचडीआरच्या, म्हणजे अधिक उजळ-गडद छटा दाखवणाऱ्या तंत्राच्या, रंग-प्रकाशाचा असतो. शिवाय ५५ इंची टीव्हीपासून साधारण सात फुटांपलीकडे बसल्यास निरोगी डोळ्यालाही साध्या ब्लू-रेचे बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत, मग फोरके 'तसेच दिसते' ही तक्रार डिस्कची नसून सोफ्याची ठरते. भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या एचडीआर चित्रांच्या तुलना तर पूर्णपणे बाजूला ठेवाव्यात.

आवाजाच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. एका डिस्कचा ध्वनी दबलेला आहे असे मी ठामपणे सांगत सुटलो आणि महिनाभराने लक्षात आले, की प्लेअरमधील 'सेकंडरी ऑडिओ' (मूळ ध्वनीत भाष्य वगैरे मिसळण्याची सोय) चालू राहिल्यामुळे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी हा दर्जा न घटवलेला ध्वनी रिसीव्हरपर्यंत, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचतच नव्हता. त्याऐवजी साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतरित झालेला ध्वनी जात होता. टीव्हीमार्गे साउंडबारला ध्वनी नेताना जुने एआरसीही (टीव्हीतून ध्वनी बाहेर नेणारी एचडीएमआय जोडणी) हेच करते, कारण ट्रूएचडी वाहून नेण्यासाठी तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते. रिसीव्हरच्या पडद्यावर कोणते नाव उमटते ते आधी वाचावे. 'स्फोट कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकू येत नाहीत' ही तक्रार बहुधा सहा-आठ मार्गांचे मिश्रण टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत कोंबल्याने उद्भवते. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात, तेव्हा तो स्पीकर असेल तर त्याचीच पातळी थोडी वाढवावी, रात्रीच्या वेळी मोठ्या-लहान आवाजांतील फरक कमी करणारा 'नाइट मोड' लावावा, पण त्या मोडमध्ये ऐकून ध्वनीला गुण देऊ नयेत. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी समान करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो.

इतके केल्यावरही आकाशात रंगांचे पट्टे दिसत असतील, अंधाऱ्या धुरात चौकोन नाचत असतील किंवा चित्र अडखळत असेल, तर वेळ लिहून ठेवून डिस्क पुसावी आणि तोच प्रसंग दुसऱ्या प्लेअरवर व दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहावा. अडखळणे त्याच क्षणी पुन्हा झाले तर प्रत बदलून मागावी; पट्टे आणि चौकोन त्याच जागी कायम राहिले तर मात्र दोष त्या आवृत्तीच्याच घडणीत आहे आणि प्रत बदलून काहीही साधणार नाही.