हाणामारीच्या विनोदी अ‍ॅनिमे चित्रपटाची डिस्क कशी निवडावी आणि पाहावी

जपानी अ‍ॅनिमेतील कराटे-कुंगफूची धमाल घरी पाहायची असेल, तर डिस्क घेण्यापूर्वी वेष्टनावरील रीजन क्रमांक (डिस्क जगाच्या कोणत्या भागातील प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण) तपासावा. डीव्हीडीसाठी जपानचा क्रमांक २ आणि अमेरिकेचा १ असल्याने एकीकडची डिस्क दुसरीकडच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, ब्लू-रेसाठी मात्र दोन्ही देश ‘ए’ विभागात येतात.

ध्वनी मूळ जपानीच निवडावा, कारण फटका बसताच फुटणारी किंकाळी आणि तिच्या आधीची क्षणभराची शांतता यांवरच हा विनोद उभा असतो, असे माझे ठाम मत आहे. काही डिस्कवर डबिंगचेच संवाद उपशीर्षके म्हणून दिलेले असतात. मूळ संवादांच्या भाषांतराचा पर्याय असल्यास तोच घ्यावा.

सर्वाधिक लक्ष चित्राकडे द्यावे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा (स्थिर चित्रांचा) असतो, तर एनटीएससी (जपान-अमेरिकेतील जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडी चालवताना तो सुमारे ३० फ्रेममध्ये बसवला जातो. त्यामुळे वेगवान झटापटीत कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्यास प्लेअरमधील डीइंटरलेसिंग (दोन चित्रांच्या एकाआड एक मिसळलेल्या रेषा वेगळ्या करण्याची सोय) सुरू करावे. मग आवडता प्रसंग थांबवून एकेक फ्रेम पुढे न्यावी: लाथ बसताना रबरासारखा ताणलेला चेहरा एखाद्याच चित्रात असतो आणि त्यामागचे चित्रकाराचे कसब तेव्हाच नीट दिसते.