वेचणीच्या हिशेबावर पायथन शिकताना

फावल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या पुष्कळांचा अभ्यास पहिल्या काही व्हिडिओंनंतर थांबतो. त्याचे कारण बुद्धी कमी पडणे हे क्वचितच असते. स्वतःला खरोखर हवे असलेले काम समोर नसते, एवढेच. म्हणून भाषेच्या आधी काम निवडावे. यवतमाळ किंवा अकोल्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरात ते शोधायला जावे लागत नाही, कारण वेचणाऱ्या बायांचे रोजचे किलो, किलोमागचा दर, दिलेली उचल आणि शेवटी द्यायची मजुरी हा हिशेब वहीत असतोच. तो करणारा प्रोग्रॅम लिहिणे हाच आपला अभ्यासक्रम समजावा.

भाषा पायथन घ्यावी. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती मोफत आहे, आणि एकदा उतरवून घेतल्यावर तिला इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट रेंजचा भरवसा नसलेल्या गावात फार मोलाची ठरते. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही आवृत्तीच घ्यावी, कारण त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, शिकण्यासाठी ३.८ पुरेशी आहे. लॅपटॉप नसल्यास अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालते. ऐकून समजून घ्यायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे अनेक पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात. मात्र पाठ थांबवून तीच कृती आपल्या यंत्रावर केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिला प्रोग्रॅम दोन बायांचे किलो विचारून बेरीज दाखवणारा असावा. ४५ आणि ३८ भरल्यावर उत्तर ८३ ऐवजी ४५३८ आले, तर यंत्र बिघडले असे समजू नये. इनपुट या आज्ञेने मिळालेली प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर मानतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणी. त्या मजकुराला इंट या फंक्शनमधून, म्हणजे एक ठरावीक काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यातून, नेले की तो पूर्ण संख्या होतो. हे तत्त्व वाचून लक्षात राहत नाही. आपल्याच शेतातला साडेचार हजार किलो कापूस पडद्यावर दिसला की कायमचे राहते. वजन साडेबारा किलो असेल तर इंटच्या जागी फ्लोट, म्हणजे दशांश संख्येचा प्रकार, वापरावा, पण मजुरीचा हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्येत ठेवावा, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

चूक झाल्यावर लाल अक्षरांचा लांबलचक संदेश येतो. तो खालून वाचावा: शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. नेमएरर दिसल्यास बहुधा एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकलेले असते. पायथनमध्ये नावे देवनागरीतही ठेवता येतात. पण दर ओळीला कीबोर्ड बदलावा लागत असल्याने ती रोमन लिपीतच ठेवणे सोयीचे, असे माझे मत आहे.

खरा अभ्यास दर बदलतो तेव्हा सुरू होतो. उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपण्याच्या, सुमारास झाडावर कापूस विरळ राहतो आणि किलोमागची वेचाई वाढते; अशा वेळी प्रोग्रॅममध्ये जागोजागी दराचा आकडा लिहून ठेवला असेल तर तो सगळीकडे शोधत बसावे लागते. दर एकाच ठिकाणी नाव देऊन ठेवणे आणि मजुरी काढण्याचे वेगळे फंक्शन करणे कशासाठी, हे तेव्हा कळते. त्यानंतर बायांच्या नावांसाठी डिक्शनरी (नावापुढे त्याची नोंद ठेवणारी यादी), आठवड्याच्या बेरजेसाठी फॉर लूप (तेच काम प्रत्येक नोंदीवर पुन्हा करणारी रचना) आणि नोंदी टिकवण्यासाठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल), या क्रमाने जावे.

वेळेचे म्हणाल, तर रब्बीतल्या ओलिताच्या रात्री, मोटार सुरू करून वाफ्याला पाणी लागेपर्यंतचा काळ कामी येतो. फोन आणि लॅपटॉप मात्र गावातच चार्ज करून न्यावेत. रोज अर्धा तास पुरतो, फक्त थांबताना पुढचे पाऊल कोणते ते एका ओळीत लिहून ठेवावे.

महिनाभराने तोच प्रोग्रॅम उघडून त्यात उचल वजा करण्याची सोय करावी आणि प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहावा. हा बदल एकाच फंक्शनमध्ये भागला तर पुढचा विषय घ्यावा. चार ठिकाणी खाडाखोड करावी लागली तर प्रोग्रॅम कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहावा.